भूमीचा धनी कोण?

मित्रांनो, आज जरा अ‍ॅटलास घेऊन बसा पाहू. पान उघडा आफ्रिकेचं. आता त्यात शून्य रेखावृत्त शोधा. तेच ते, इंग्लंडमधल्या ग्रिनिचवरून जाणारं, ज्याच्यावरून सगळ्या जगाची घड्याळं लावतात. त्या रेघेवर बोट ठेवा आणि सरळ खाली या. फ्रान्स गेला, स्पेन गेला, भूमध्य समुद्र ओलांडला. मग अल्जीरिया, सहाराचं अफाट वाळवंट, माली, बुर्किना फासो... आणि समुद्र लागायच्या आधी शेवटचा देश लागतो तो घाना. आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा लहानच. आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजतात ना, तेव्हा तिथे सकाळचे सात वाजलेले असतात. तिथली मुलं नुकतीच तोंड धुऊन शाळेच्या तयारीला लागलेली असतात.

घानाच्या उत्तर भागात, याच रेघेच्या अगदी जवळ, येंडी नावाचं गाव आहे. राजधानी आक्रा समुद्राकाठी. तिथून मोटारीनं सहाशेएक किलोमीटर उत्तरेला गेलं की तामाले हे मोठं शहर येतं. तामालेहून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर येंडी, आणि येंडीच्या पुढे, ईशान्येला, साबोबा. साबोबाच्या पलीकडे ओटी नदी. नदीपलीकडे टोगो हा दुसरा देश.

आज आपल्याला जायचं आहे ते या ओटी नदीच्या खोऱ्यात. तिथे राहतात कोंकोंबा लोक. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्या कोकणाशी याचा काही संबंध असणार! तसं काही नाही बरं का. ते स्वतःला 'बिक्पाक्पाम' म्हणतात. कोंकोंबा हे दुसऱ्यांनी पाडलेलं नाव. पण आता जगभर तेच चालतं, म्हणून आपणही तेच वापरू.

काळ्या आईचे दूरचे नातलग

इथली जमीन सपाट आहे. उंच गवत, मधूनमधून झाडं. पावसाळा एकच. साधारण मे महिन्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपतो. पावसात ओटी नदी फुगली की सगळा सखल भाग चिखलाचा होऊन जातो. आणि हिवाळ्यात सहाराकडून 'हरमातान' नावाचा कोरडा, धुळीनं भरलेला वारा सुटतो. मग तीच जमीन दगडासारखी टणक होते, ओठ फुटतात आणि सूर्यसुद्धा धुळीमागे फिकट दिसतो.

मातीच्या गोल खोल्या, वर गवताचं टोकदार छप्पर. अशा पाचसात खोल्या भिंतीनं एकमेकींना जोडलेल्या, मध्ये अंगण. हे झालं एक घर. आजोबा, काका, चुलतभाऊ सगळे तिथेच. घराबाहेर लगेच शेत.

शेतात काय? तुम्हांला गंमत वाटेल, पण ज्वारी आणि बाजरी! ही दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतलीच. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि इतकी रुळली, की भाकरी ही आपलीच असं आपण समजून चाललो. त्यांतली बाजरी तर पश्चिम आफ्रिकेचीच लेक. म्हणजे हुरडा खाताना किंवा संक्रांतीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाताना आपण या लोकांच्या शेजारच्या मातीतलंच धान्य खात असतो.

पण कोंकोंबांचा खरा अभिमान म्हणजे याम. हा एक मोठा कंद. आपलं कोनफळ किंवा करांदे खाल्ले आहेत ना? त्यांचाच हा जवळचा भाऊबंद. यामसाठी शेतभर मातीचे ढिगारे रचतात, चांगले गुडघ्याएवढे आणि त्याहून उंच. एकेक ढिगारा कुदळीनं, वाकून वाकून. असे शेकडो ढिगारे ओळीत उभे असलेलं शेत लांबून पाहिलं तर वाटावं, कुणी मातीच्या टोप्या घालून बसलं आहे! कोंकोंबा शेतकरी या कामात इतके वाकबगार, की थेट आक्रा शहरातला यामचा एक मोठा बाजार 'कोंकोंबा बाजार' म्हणून ओळखला जातो.

देऊळ कुठाय?

आता अशी कल्पना करा, की तुम्ही साबोबाजवळच्या एखाद्या खेड्यात पोचला आहात आणि विचारलंत, "तुमचं देवस्थान दाखवा ना." तर तुम्हांला गावाबाहेरच्या एका झाडांच्या झुपक्याकडे नेतील. तुम्ही शोधत राहाल. कळस कुठाय? मूर्ती कुठाय? घंटा? काहीच नाही. जुनी झाडं, कदाचित एखादी भलीमोठी गोरखचिंच, खाली काही दगड, एखादं मडकं. कुठे नुसता एखादा डोह असतो. पाहुणा शेजारून निघून जाईल आणि त्याला कळणारही नाही.

पण गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं, की इथली फांदी तोडायची नाही. इथे भूमीचं ठाणं आहे.

कोंकोंबांचा जुना धर्म असं मानतो, की सगळ्यांना घडवणारा देव आहे, त्याचं नाव उवुंबोर. पण तो वर आकाशात, दूर. रोजच्या जगण्यात जवळची असते ती भूमी. तीच पिकवते, तीच पोटात घेते. आणि ती सगळीकडे सारखी नसते. या गावाची भूमी वेगळी, नदीपलीकडच्या गावाची वेगळी. प्रत्येक कुळाचा आपला आपला मुलूख आणि त्या मुलखाचं आपलं आपलं ठाणं. काही कुळांचा मुलूख तर इतका छोटा, की सकाळी चालायला लागलं तर न्याहारीपर्यंत पार व्हावा.

या ठाण्याची पूजा करायला एक माणूस असतो. त्याला म्हणतात 'उतिंदान'. 'तिंग' म्हणजे भूमी आणि 'दान' म्हणजे धनी. भूमीचा धनी.

धनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोण आलं? फेटा बांधलेला, मिशीवर ताव देणारा, शेकडो एकरांचा जमीनदार? छे! उतिंदान इतरांसारखाच शेतकरी. तोही वाकून यामचे ढिगारे रचतो. त्याचं घर इतरांच्या घरापेक्षा मोठं नसतं. तो ती भूमी विकू शकत नाही, कारण भूमी विकायची असते हे जुन्या रीतीत कुणाला माहीतच नव्हतं. मग तो धनी कसला? तर पूर्वी कधीतरी ज्या घराण्यानं ही जागा पहिल्यांदा साफ करून वस्ती केली, त्या घराण्यातला हा वडीलधारा माणूस. पहिल्या आलेल्यांनी भूमीशी जो करार केला, तो पाळायची जबाबदारी त्याची. पाऊस लांबला, रोगराई आली, काही वावगं घडलं, की लोक त्याच्याच दाराशी येतात. शेताला वाट्टेल ते होवो, कुणीतरी भूमीला उत्तर द्यायला हवं ना? ते उत्तर द्यायचं त्यानं.

पेरणीच्या आधी आणि सुगीनंतर तो ठाण्यापुढे जातो. पाण्यात कालवलेलं पीठ ओततो, ज्वारी आंबवून केलेलं पेय भोपळ्याच्या कवटीतून ओततो, कोंबडं देतो. आपल्याकडच्या कितीतरी खेड्यांत शिवेवरच्या देवाला कोंबडं देतात, तसंच. नवा याम शेतात तयार झाला, तरी आधी हे नैवेद्याचं काम व्हायचं आणि मगच तो घरच्यांच्या ताटात यायचा. आपल्याकडे नाही का, नवं धान्य आधी देवापुढे ठेवतात?

यात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ही पूजा एका घराण्यानं एकट्यानं उरकायची नसते. ठरावीक दुसऱ्या घराण्याची माणसं मदतीला यावी लागतात. आणि त्यांच्या ठाण्याच्या वेळी यांनी जायचं. म्हणजे शेजाऱ्याशी अबोला धरून बसलात, तर तुमची पूजाच अडणार!

राजा नसलेले लोक

आता गोष्ट जरा अवघड होणार आहे. पण तुम्ही मोठे आहात, तुम्हांला समजेल.

कोंकोंबांना जुन्या काळी राजा नव्हता. पोलीस नाही, तुरुंग नाही, दरबार नाही. घरात वडीलधाऱ्याचं ऐकायचं आणि मुलखात भूमीच्या नियमांना मानायचं. त्यांतला मोठा नियम हा, की आपल्या माणसाचं रक्त भूमीवर सांडायचं नाही. तसं झालं तर तो नुसता माणसाचा नाही, भूमीचा अपराध. याचा अर्थ ते भांडतच नव्हते असा नाही हं. धनुष्यबाण घेऊन कुळाकुळांत लढाया व्हायच्या. पण लढाई थांबवायचीही एक रीत होती, 'भांडण पुरण्याची'. दोन्हीकडचे वडीलधारे जमायचे, विधी व्हायचा आणि भांडण जणू जमिनीत गाडलं जायचं.

या लोकांजवळ राहून हे सगळं टिपून ठेवणारा एक अभ्यासक होता, डेव्हिड टेट. १९५० च्या सुमारास तो इथे आला. राजा नसताना एवढा समाज चालतो कसा, हे त्याला समजून घ्यायचं होतं. १९५५ मध्ये अपघातात तो गेला. त्याच्या मागे राहिलेले कागद त्याच्या मित्रानं, जॅक गुडीनं, जुळवले आणि १९६१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं.

पण राजा नसलेल्या लोकांच्या शेजारी राजे होते. दागोंबा लोकांचा राजा, 'या-ना', येंडीत राहतो. उत्तर घानातले राजे सिंहासनावर बसत नाहीत, जनावराच्या कातड्यावर बसतात. म्हणून तिथे गादी न म्हणता 'कातडं' म्हणतात! कोंकोंबा म्हातारे सांगत आले, की फार पूर्वी येंडीच्या भागात आपणच राहत होतो. मग दागोंबा घोड्यांवर बसून आले आणि आपण पूर्वेला ओटीकडे सरकलो. ही साधारण सतराव्या शतकातली गोष्ट.

पुढे युरोपातले लोक आले. आधी जर्मनांनी इथला मुलूख घेतला. पहिल्या महायुद्धात तो त्यांच्याकडून गेला आणि इंग्रज नि फ्रेंच यांनी वाटून घेतला. झालं, कोंकोंबांच्या मुलखातून सीमा गेली! आज एका बाजूला घाना, दुसऱ्या बाजूला टोगो. इंग्रजांची कारभाराची रीत अशी, की गावोगावच्या राजांमार्फत राज्य चालवायचं. मग ज्यांना राजाच नाही त्यांचं काय? त्यांना शेजारच्या राजाच्या हाताखाली टाकलं. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला, पण हा घोळ राहिलाच. लोक कोंकोंबांना म्हणू लागले, "तुम्हांला राजा नाही, म्हणजे तुम्हांला जमीनही नाही."

विचार करा, ज्यांच्या प्रत्येक मुलखात भूमीचं ठाणं आहे आणि तिचा धनी आहे, त्यांना असं ऐकावं लागलं!

एका कोंबडीची किंमत

यामसाठी चांगली जमीन शोधत पुष्कळ कोंकोंबा शेतकरी दक्षिणेला सरकले होते. तिथे नानुंबा लोकांचा मुलूख आहे. पाहुणे कष्टाळू, त्यांचं पीक जोरात. यजमानांना वाटे, जमीन आमची, हे आमचं ऐकत नाहीत. पाहुण्यांना वाटे, आम्ही इतकी वर्षं राबतो, तरी परकेच. १९८१ मध्ये एकदा लढाई झाली. १९९३ मध्ये कोंकोंबांनी मागणी केली, की आमचाही एक मोठा मान्यताप्राप्त राजा असावा. वातावरण तापत गेलं.

आणि जानेवारी १९९४ च्या अखेरीस, बिंबिला गावाजवळच्या एका बाजारात, एका कोंकोंबा आणि एका नानुंबा माणसाची घासाघीस झाली. कशावरून? एका गिनी कोंबडीच्या किमतीवरून! ठिपक्याठिपक्यांची, करड्या रंगाची ती कोंबडी. शब्दाला शब्द वाढला. हाणामारी झाली. आणि बघता बघता सारा उत्तर घाना पेटला. सरकारी अंदाजानंही हजारावर माणसं गेली. इतरांच्या मते तर त्याहून कितीतरी जास्त. शेकडो गावं जळाली. लाखाहून अधिक लोक घरदार सोडून पळाले. कोंकोंबाही मेले, नानुंबा आणि दागोंबाही मेले. जगाच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव झालं 'गिनी कोंबडीची लढाई'.

नाव ऐकून हसू येतं ना? पण कोंबडीसाठी कुणी गावं जाळत नाही. भांडण होतं ते एकाच प्रश्नाचं. या भूमीचा धनी कोण?

आणि आता ऐका, ज्यानं मला फार विचारात पाडलं ते. दागोंबांच्या भाषेतही भूमीच्या पुजाऱ्याला एक शब्द आहे. 'तिंदाना'. 'तिंग' म्हणजे भूमी, 'दाना' म्हणजे धनी. कोंकोंबांचा उतिंदान आणि दागोंबांचा तिंदाना! राजे आले तरी दागोंबांच्या गावांतले हे भूमीचे पुजारी उरलेच. म्हणजे दोन्हीकडचे आजोबा त्याच भूमीपुढे वाकत होते, तिच्याशी जवळजवळ त्याच शब्दांत बोलत होते. आणि त्याच भूमीवर नातवांनी एकमेकांचं रक्त सांडलं. सांडायचं नाही म्हणून जो नियम होता, तोच मोडला.

पुढे मध्यस्थ आले. घानातल्या संस्था, बाहेरचे जाणते लोक. महिनोन् महिने दोन्हीकडच्यांना एकत्र बसवून बोलणी झाली. आधी एका खोलीत बसायलाही तयार नसलेली माणसं हळूहळू एकमेकांचं ऐकू लागली. मार्च १९९६ मध्ये कुमासी शहरात करारावर सह्या झाल्या. सगळे प्रश्न सुटले असं नाही. अधूनमधून ठिणग्या उडाल्याच. पण तेवढा मोठा वणवा पुन्हा पेटला नाही.

आता तिथे काय आहे?

आज पुष्कळ कोंकोंबा ख्रिस्ती झाले आहेत. त्यांची भाषा लिहिली जाते, तिच्यात पुस्तकं छापली जातात. मुलं शाळेत जातात, शिकून शिक्षक, परिचारिका, वकील होतात. काही जण रविवारी चर्चमध्ये जातात. काहींना ठाण्यावरच्या पूजा नकोशा वाटतात, काहींना हव्या असतात. एकाच घरात आजोबांचं एक मत आणि नातवाचं दुसरं, हे काय आपल्याला नवं आहे?

नव्या यामचा सण मात्र जोरात होतो. दूर शहरात गेलेली माणसं त्यासाठी गावी येतात. आणि जुन्या ठाण्यांच्या झाडांना आता आणखी एका कारणासाठी महत्त्व आलं आहे. आजूबाजूचं रान शेतीसाठी आणि सरपणासाठी तुटत गेलं, पण जिथे कुऱ्हाड लावायची नाही अशी जागा होती, तिथे जुनी झाडं टिकली. झाडं टिकली म्हणून पाखरं टिकली.

हे वाचून तुम्हांला काही आठवलं का? बरोबर, आपल्या देवराया! कोकणात, सह्याद्रीत, गावाच्या देवासाठी राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून पाहिल्या, त्यांतली झाडं नोंदवली. आपल्याकडे शेताला 'काळी' म्हणतात आणि गावठाणाला 'पांढरी', आणि दोघींनाही नमस्कार करतात. कोंकोंबांनी हे आपल्याकडून घेतलं नाही आणि आपण त्यांच्याकडून घेतलं नाही. मातीत राबणाऱ्या माणसांना ते आपलं आपणच सुचत गेलं असावं.

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. गावी गेलात की आजोबांना, आजीला विचारा, आपल्या गावात पहिल्यांदा वस्तीला कोण आलं? गावदेवीचा पहिला मान कुणाच्या घराकडे, आणि का? गावाबाहेर अशी एखादी जागा आहे का, जिथली फांदी तोडत नाहीत? शहरात राहत असाल, तर तुमची इमारत उभी राहण्याआधी तिथे काय होतं, तेवढं तरी शोधा. आईबाबांनाही सोबत घ्या. त्यांनाही ठाऊक नसेल कदाचित!

आणि सातबारा उतारा कधी पाहायला मिळाला, तर त्यावरची मालकांची नावं वाचा. आजोबांचं नाव, मग बाबांचं, काकांचं. नावं बदलत जातात. ज्या जमिनीचा तो गट क्रमांक असतो, ती मात्र तिथेच असते. ओटीकाठचा उतिंदान ते पाहून काय म्हणेल, सांगा बरं?